पदराखालची तीन बोटं

मंजू, तुझं तेरावं काल आटोपलं. गोडाचं जेवण झालं, मोठी पातेली घासून पालथी घातली, कन्हानचे पाहुणे गेले. मला मात्र एका जागी बसवत नाही. खाली दुकानात गेले की वर यावंसं वाटतं, वर आले की पाय पुन्हा जिन्याकडे वळतात. आज मसाला दळायला टाकला आणि त्यात धणेच घातले नाहीत. कामावरच्या बाया माझ्याकडे बघून गप्प बसतात. मी रडत नाही म्हणजे रागात आहे, असं त्यांना वाटतं. बरोबर वाटतं.

राग कशाचा ते सांगते. दारात जो आला त्यानं विचारलं, "कशानं गेली हो?" आणि तुझ्या नवऱ्यानं, प्रकाशनं, प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "आमवात होता. सांधे धरले होते." बस, पुढे काही नाही. तुझ्या दुसऱ्या आजाराचं नावच नाही. ज्याच्यापायी तू कधी महिना महिना भिंतीकडे तोंड करून पडून राहिलीस, आणि कधी सगळ्या गल्लीला जेवायला बोलावून मोकळी झालीस, तो बायपोलर कुठे गेला? आपण अर्ध्याच बाईचं तेरावं केलं, मंजू. उरलेली अर्धी माझ्यामागे जिना चढते-उतरते आहे.

आणि तुझा एक आकडा माझ्याकडे राहिला आहे. दवाखान्यात चादरीखाली तू माझ्या हातात ठेवलास तो. मी तो अजून कोणाला सांगितलेला नाही. प्रकाशला तर मुद्दामच नाही. त्याला सांगायचा की नाही, हे ठरत नाही. ठरलं की कदाचित बसवेल.

तुला आठवतं, तू नवी नवी या घरात आली होतीस आणि मी तुला कळमन्याच्या बाजारात मिरची घ्यायला घेऊन गेले होते? मी तुझी थोरली जाऊ, पण तुझ्यासारखी शिकलेली नाही. कांडप मशीनवर दुसऱ्यांच्या मिरच्या कुटून देता देता स्वतःचा मसाला विकायला लागले, ते सगळं स्वतःच्या तोंडाच्या जोरावर. तू नागपुरातल्या महाल भागातली, कारकुनांच्या घरची, शुद्ध बोलणारी, नाकाला रुमाल लावून पोत्यांमधून चालत होतीस. तेव्हा मिरचीचा लिलाव उघड व्हायला लागला होता, पण आमच्या म्हाताऱ्या अडत्याची जुनी सवय गेलेली नव्हती. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा माझ्या आणि त्याच्या हातावर टाकला आणि म्हणाला, "बाई, तोंडानं काहीच बोलू नका. बोटं धरा."

कापडाखाली मी त्याची बोटं दाबली, त्यानं माझी दाबली. वर आम्ही दोघं हवापाण्याच्या गप्पा मारत होतो. आजूबाजूला उभ्या व्यापाऱ्यांना पत्ता नाही. सौदा जमला तसा त्यानं दुपट्टा झटकला आणि भाव सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडून सांगितला. ती तिथली रीतच आहे. कापडाखाली काय व्हायचं ते होऊ दे, पण एकदा कापड उचललं की मोठ्यानं सांगायचं.

तू हसत सुटलीस. "ताई, हे तर मुलगी दाखवल्यासारखं आहे. वर चहा-पोहे आणि खाली सगळं ठरतंय."

तुझा आजार या घरात उघड झाला तेव्हा हीच रीत आपल्या कामी आली. चार पाहुण्यांत मी तुला कशी विचारणार होते, की आज कशी आहेस? तुझा चेहरा तर खोटं बोलण्यात पक्का. मग मी तुझ्या शेजारी बसायची, माझा पदर दोघींच्या हातावर ओढायची आणि वर विचारायची, "काय वं मंजू, मिरचीचा भाव काय आज?" तू एक बोट दाबलंस म्हणजे मन तळाला गेलंय. तीन म्हणजे ठीक, जागेवर. पाच म्हणजे उधळलंय, आवरा. पाच आली की मी काहीतरी निमित्त काढून तुला आत घेऊन जायची. सासरच्या कोणाला कधी कळलं नाही. प्रकाशलाही नाही. त्याला वाटायचं, वहिनीला मिरचीशिवाय दुसरं सुचत नाही.

आता तुला जे मान्य नव्हतं ते पुन्हा म्हणते, कारण आता तू मला अडवू शकत नाहीस. बोटांचा आकडा मला नंतर कळायचा. आधी कळायची ती तुझ्या हाताची ऊब. ज्या दिवसांत तुझी पेरं सुजून गरम व्हायची, सकाळी बोटं मिटायची नाहीत, चहाचा कप दोन हातांनी धरायचीस, त्याच्या मागोमाग आकडा हलायचा. कधी वर जायचा, कधी खाली. प्रत्येक वेळी नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते. पण इतक्या वेळा, की माल ओळखणाऱ्या माणसाला शंका यावी. एकदा साध्या तापातून उठलीस आणि पंधरवडाभर एकाच बोटावर राहिलीस.

"मंजू, तुझे हे दोन आजार एकमेकाले ओळखतात," मी म्हणाले होते.

तू म्हणालीस, "ओळखू देत. पण माझ्या डॉक्टरांची ओळख करून देऊ नका."

हाच तुझा नियम. सांध्यांच्या डॉक्टरकडे एक पिशवी न्यायची, मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे दुसरी. ती दुसरी साडीच्या दुकानाची, जरीचा गठ्ठा असल्यासारखी. सांधेवाल्यांना मनाच्या गोळ्या माहीत नाहीत, मनवाल्यांना सांध्यांच्या नाहीत. औषधांची दुकानंसुद्धा दोन वेगळी. आणि मला शपथ.

मग गेल्या उन्हाळ्यात सांधेवाल्या डॉक्टरांनी सूज उतरवायला स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. सूज खरंच उतरली. आणि तू इतवारीच्या भांडीबाजारात गेलीस.

मी पोचले तेव्हा हातगाडी भरलेली होती. तांब्याचे पाण्याचे गुंड, एकावर एक, उन्हात डोळे दिपवणारे. गल्लीतल्या प्रत्येक घराला एक. तू गाडीला टेकून उभी, घाम आलेला, चेहरा असा लखलखीत की दृष्ट लागावी. दुकानदाराशी माझं जुंपलं.

"बाई, माल एकदा गाडीवर चढला की वापस नाही होत."

"काहून नाही होत? गुंडाले पाय फुटले का?"

"त्यांनी राजीखुशीनं घेतला. भावसुद्धा नाही केला."

"तेच तं सांगून राहिली मी! आमच्या घरची बाई भाव न करता घेऊन राहिली म्हणजे तिले बरं नाही, इतकं तुमाले समजाले नको?"

आणि तू, महालातली शुद्ध बोलणारी, गाडीपाशी उभी राहून मला ओरडलीस, "ताई, सोडा नं वं त्यायले! गरीब माणूस हाय!" उधळलीस की तू माझ्यासारखी बोलायला लागायचीस. गाडीवाला हसला, दुकानदार हसला, मलाही हसू आलं. मग मी तुझा हात धरला. पाच. पण या खेपेला हात गरम नव्हता, बोटं सडपातळ झाली होती. तेव्हाच मला कळलं की हे त्या गोळ्यांचं काम आहे. एकाची आग विझवताना दुसरी पेटली होती.

गुंड मी परत केले. एक ठेवून घेतला, दुकानदाराचं तोंड बंद करायला. तो अजून स्वयंपाकघरात आहे. आज त्यातलं पाणी प्यायले.

तुला बरं वाटायला लागल्यावर मी तुझ्याबरोबर मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे आले आणि सांध्यांच्या गोळ्यांची पिशवी त्यांच्या टेबलावर उपडी केली. तू माझ्याकडे बघितलंस, ते मी विसरलेले नाही. त्यांनी एकेक पाकीट उचलून वाचलं. मग मला समजेल असं सांगितलं. माझ्या भाषेत सांगायचं तर, अंगात एक चौकीदार असतो. चोर आला की त्याला झोडपायचं, हे त्याचं काम. तुझा चौकीदार आपल्याच गोदामातल्या पोत्यांवर काठी चालवत होता, म्हणून सांधे सुजत. आणि तो असा आरडाओरडा करत असला की त्याचा आवाज मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बायपोलर असलेल्या बऱ्याच जणांच्या रक्तात अशा सुजेच्या खुणा जास्त दिसतात, अंगावरच उलटणारे असे आजारही त्यांच्यात जास्त आढळतात.

"म्हणजे एकामुळेच दुसरा झाला नं?" मी विचारलं.

"तसं छातीठोक सांगता येत नाही. आधी काय, मागून काय, अजून उलगडलेलं नाही. सगळ्यांच्यात दिसतं असंही नाही."

"डॉक्टरीणबाई, थोडं तरी पक्कं सांगा."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पक्कं एवढंच आहे. स्टिरॉइडनं हिचं मन वर जाऊ शकतं. दुखण्याच्या काही गोळ्यांनी माझ्या गोळीचं रक्तातलं प्रमाण धोक्याइतकं वाढू शकतं. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही माहीत नसेल, तर आम्ही दोघं मिळून हिला मारू."

मी शपथ तिथेच मोडली आणि सांधेवाल्या डॉक्टरांनाही सांगितलं. दोन्ही आजार एका कागदावर लिहून घेतले. त्यांनी गोळ्या बदलल्या, चौकीदाराला लगाम घालणारं दुसरं औषध सुरू केलं, आणि बजावलं की या औषधावर साधा खोकलासुद्धा अंगावर काढायचा नाही. तुझे पुढचे महिने किती बरे गेले, ते तूच बघितलंस.

पण तू माझ्या हातातून हात काढून घेतलास. हळदीकुंकवात मी पदर ओढला तर तू तो बाजूला सारलास आणि हळूच म्हणालीस, "ताई, माझा हात आहे. मिरचीचं पोतं नाही."

घरी आल्यावर आपलं जे भांडण झालं, ते मी रोज पुन्हा भांडते.

"लाज वाटते म्हणून लपवून राहिली तू!" मी म्हणाले.

"लाज नाही, ताई. हिशेब आहे, तुमच्यासारखाच. आमवात म्हटलं की शेजारीण कढी आणून देते. ते दुसरं नाव घेतलं की तीच शेजारीण पोराला आत बोलावते. आणि डॉक्टर? आता बघाच तुम्ही. यापुढे माझा गुडघा जरी दुखला ना, तरी सगळे आधी माझ्या डोक्याकडे बघतील."

"सांगतलंच नाही तं ऐकतील कसे?"

"आणि सांगितल्यावर ऐकलंच नाही तर?"

यावर मी ओरडले. तुला ठाऊक आहे, उत्तर नसलं की माझा आवाज चढतो. पण मी बरोबर होते, मंजू. आजही म्हणते. त्या गोळ्या तशाच चालू राहिल्या असत्या तर तू त्या उन्हाळ्यातच गेली असतीस. आणि तूही बरोबर होतीस. माझ्या आयुष्यात असा सौदा कधी झाला नाही, की दोन्हीकडचा भाव खरा आणि माल मात्र हातचा गेलेला.

या थंडीत नवी मिरची यायला लागली तेव्हाची गोष्ट. तू दोन-चार दिवस खोकत होतीस. मी दटावलं की डॉक्टरला दाखव, तर म्हणालीस उद्या. हात देत नव्हतीस, म्हणून मला आतलं काही कळत नव्हतं. त्या दुपारी मी कळमन्याला असताना प्रकाशचा फोन आला. तू एका जागी बसत नाहीयेस, पांघरूण फेकतेस, तुटक तुटक बोलतेस. तो तुला जवळच्या दवाखान्यात घेऊन चालला होता.

मी पोचेपर्यंत तुला एका कोपऱ्यातल्या खाटेवर बसवून ठेवलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरनं आपला कागद वाचला होता. मीच लिहून घेतलेला कागद, दोन्ही आजारांचा. त्यानं त्यातली एकच ओळ वाचली होती.

"घाबरल्या आहेत त्या. शांत पडू द्या थोडं," तो मला म्हणाला.

आणि प्रकाश म्हणाला, "हो वहिनी. हिले असं होते. थोड्या वेळानं उतरते."

हिले असं होते. हे वाक्य माझ्या छातीत खिळ्यासारखं बसलं आहे.

तेवढ्यात तू चादरीखालून माझा हात ओढलास. किती महिन्यांनी! माझ्या हाताला मिरचीची आग होती, ती तुलाही झोंबली असेल. तरी सोडला नाहीस. तुझा हात गार होता, घामानं चिंब. सुजेची ती जुनी ऊब कुठे नव्हती. मी वाट बघत होते पाचाची, तुझा अवतारच तसा होता. तू एक बोट दाबलंस. दुसरं दाबलंस. तिसरं दाबलंस आणि थांबलीस. माझ्याकडे बघत राहिलीस, मी समजते की नाही म्हणून.

तीन. डोकं जागेवर आहे, ताई. हे दुसरंच काहीतरी आहे.

मग मी काय तमाशा केला ते तू पाहिलंस. "हिचं डोकं ठिकानावर आहे! हिच्या अंगाकडे पाहा कोणी!" त्या डॉक्टरची कॉलर धरायचीच बाकी ठेवली होती. वरच्या मजल्यावरून मोठे डॉक्टर धावत आले, बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं आणि त्यांचा चेहरा बदलला. छातीचा फोटो काढला. न्यूमोनिया दोन्हीकडे पसरला होता. लगाम घातलेला चौकीदार आणि खरा चोर आत. त्यानंतर काचेपलीकडे नेलं तुला. तिथे हात धरता येत नव्हता, आणि तिथूनच तू गेलीस.

तेव्हापासून तो आकडा माझ्या मुठीत आहे. प्रकाशला सांगितला तर त्याला कळेल, की ज्या क्षणी तो "हिले असं होते" म्हणाला, त्या क्षणी तू पूर्ण शुद्धीत होतीस आणि ऐकत होतीस. खरं सांगते, हे त्याच्या तोंडावर फेकायला मी रोज टपले आहे. तेराव्याला तर पंगतीतच फेकणार होते, त्यानं पुन्हा एकदा "आमवात" म्हटल्यावर. वाढपी मध्ये आला म्हणून राहिलं.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस? "ताई, जाऊ द्या. तो भोळा आहे." तू त्याला नेहमीच स्वस्तात सोडायचीस.

हे सगळं तुला मनातल्या मनात सांगत आज दुपारी मी वर माडीवर मिरचीचे देठ खुडत बसले होते. हाताला काम असलं की निदान पाय थांबतात. प्रकाश आला आणि समोर बसला. त्यानं कधी मिरचीला हात लावलेला नाही, माहीत आहे तुला. पण त्यानंही एक मूठ पुढ्यात ओढली आणि देठ तोडायला लागला. वेडेवाकडे, अर्धी मिरची देठाबरोबर. मी मूळची या घरची नसले तरी तो शाळेत होता तेव्हापासून त्याला ओळखते. काही विचारायचं असलं की तो असाच आधी हात कुठेतरी गुंतवतो.

मग म्हणाला, "वहिनी, तुमी तिच्याजवळ होत्या. शेवटी ती... म्हणजे तिले सगळं समजून राह्यलं होतं का? का तसंच चालू होतं?"

मी मान वर केली. तो मिरचीकडेच बघत होता. "रोज वाटते मले," तो म्हणाला, "का ती तशाच गोंधळात गेली. मले न ओळखता."

मंजू, मी तयार होते. वाक्य तोंडात होतं, धार लावलेलं. पण मला वाटलं होतं की तो त्या आकड्यापासून पळतोय. आणि तो तर तोच मागायला आला होता. त्याला काय ऐकावं लागेल हे माहीत नसताना.

मी पदर ओढला आणि त्याचा हात घेतला. तो दचकला. मी त्याची तीन बोटं दाबली, एकेक, तू दाबली होतीस तशी. मग त्याला सगळं सांगितलं. कळमन्याचा दुपट्टा, एक म्हणजे काय, पाच म्हणजे काय, इतक्या वर्षांच्या हळदीकुंकवांत, बारशांत, त्याच्या डोळ्यांदेखत आपण काय करत होतो ते.

"अन् तीन म्हणजे?" त्यानं विचारलं.

"तीन म्हणजे तुझी बायको ठिकानावर होती, गा. तुले ओळखत होती. सगळं ऐकून राह्यली होती."

'ऐकून' हा शब्द मी गाळू शकले असते. गाळला नाही. त्यालाही तो लागला. तो पदराखालचा हात न काढता रडला. तू जागी असताना गेलीस म्हणून, की तू जागी असताना तो ते बोलला म्हणून, मी विचारलं नाही. ओढून काढलं असतं तर निघालं असतं, मला येतं ते. त्यानं जेवढं दिलं तेवढं घेतलं.

थोड्या वेळानं खाली कोणीतरी हाक मारली. तुझी कामठीची आत्या, तेराव्याला यायला जमलं नव्हतं म्हणून आज आलेली. जिन्यातूनच तिचा आवाज, "काय झालं वं माय माझ्या पोरीले? कशानं गेली?"

मी उठणार होते. प्रकाश माझ्याआधी उठला. डोळे पुसायचं त्याच्या लक्षात राहिलं, हाताला मिरची आहे हे राहिलं नाही. लालभडक, पाणी गळणाऱ्या डोळ्यांनी तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला आणि गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "आत्या, तिले आमवात होता. अन् बायपोलर होता. दोनी होते. पण गेली न्यूमोनियानं. आमी वळखला नाही. डोकं तिचं शेवटपर्यंत जागेवर होतं."

समोरच्या घराची खिडकी उघडली. मी जागीच बसून राहिले आणि त्यानं अर्धवट तोडलेल्या मिरच्यांचे देठ नीट खुडायला घेतले.